योग्याकार्तातील डेंग्यू-संशोधन : आकडा, संमती आणि स्थळ – एक चिकित्सा

गोषवारा

इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात वोल्बाकिया हा जिवाणू धारण करणारे एडिस इजिप्ती जातीचे डास सोडल्याने डेंग्यूला आळा बसतो काय, याची यादृच्छिक पद्धतीने चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष १० जून २०२१ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डेंग्यूच्या प्रमाणात ७७ टक्के घट हा या चाचणीचा बहुचर्चित निष्कर्ष होय. प्रस्तुत लेखात हा आकडा कसा सिद्ध झाला, त्याचे नेमके वाचन कसे करावे आणि त्यामागील लोकसहभागाचे स्थान काय, यांची चिकित्सा केली आहे. हा आकडा केवळ जिवाणूचा गुणधर्म नसून एका विशिष्ट शहराने, विशिष्ट प्रक्रियेतून मिळविलेले फलित आहे, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजशब्द : डेंग्यू, वोल्बाकिया, योग्याकार्ता, यादृच्छिक चाचणी, सामूहिक संमती.

१. प्रस्तावना

आग्नेय आशियातील वैद्यकीय संशोधनाकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे. या दृष्टीनुसार तेथील देश रोग पुरवितात, नमुने पुरवितात, रुग्ण पुरवितात. प्रश्न आणि उत्तरे मात्र अन्यत्र तयार होतात. इंडोनेशियाच्या बाबतीत या दृष्टीला इतिहासाचा आधारही आहे. ख्रिस्तियान आइकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता येथे कोंबड्यांवर निरीक्षणे करून सडलेला तांदूळ आणि बेरीबेरीसदृश विकार यांचा संबंध दाखविला. त्या कार्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संशोधनाची भूमी जावा होती, परंतु संशोधनाची सत्ता डच वसाहतीची होती.

पुढे २००७ साली याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या यंत्रणेला देण्याचे इंडोनेशियाने थांबविले. आपल्या देशातील रुग्णांपासून मिळालेल्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लस तयार करतात आणि ती लस आपल्यालाच परवडत नाही, हा तत्कालीन आरोग्यमंत्री सिती फादिलाह सुपारी यांचा आक्षेप होता. साथीच्या ऐन धोक्यात नमुने रोखणे योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद झाले. तथापि २०११ साली इन्फ्लुएन्झा विषाणूंची देवाणघेवाण आणि त्यांपासून होणाऱ्या लाभांची वाटणी यांविषयी आंतरराष्ट्रीय चौकट स्वीकारली गेली, तिच्या मुळाशी हा वाद होता.

या पार्श्वभूमीवर योग्याकार्तातील डेंग्यू-संशोधनाचा विचार करणे अगत्याचे ठरते. या संशोधनाच्या शोधनिबंधाच्या प्रथम लेखिका आदी उतारिनी या गजा मादा विद्यापीठाच्या प्राध्यापिका आहेत. अर्थसाहाय्य ताहिजा प्रतिष्ठान या इंडोनेशियातील संस्थेचे होते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून चालणाऱ्या 'वर्ल्ड मॉस्किटो प्रोग्रॅम'चे तंत्र व सहकार्य त्याला लाभले. म्हणजे तंत्र बाहेरून आले, परंतु प्रश्न, पैसा आणि प्रयोगभूमी यांचे नाते पूर्वीसारखे राहिले नाही.

२. शास्त्रीय पार्श्वभूमी

इंडोनेशियात डेंग्यूची नोंद १९६८ साली सुराबाया व जकार्ता येथे झाली. तेव्हापासून प्रतिबंधाचा मुख्य भर डासांची पैदास रोखण्यावर राहिला आहे. पाण्याची टाकी रिकामी करून घासणे, पाणी झाकणे आणि टाकाऊ वस्तू पुरणे ही तेथील त्रिसूत्री प्रसिद्ध आहे. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्याच्या महाराष्ट्रातील आवाहनाशी तिचे साम्य सहज लक्षात येईल. या उपायांचे तत्त्व निर्दोष आहे. अडचण सातत्याची आहे. एडिस इजिप्ती हा डास घरात आणि घराभोवती साठविलेल्या थोड्याशा पाण्यात वाढतो. त्यामुळे एका घराने पाळलेली शिस्त शेजारच्या घरातील एका उघड्या पिंपामुळे निष्फळ ठरू शकते.

वोल्बाकिया हा जिवाणू कीटकांच्या पेशींत राहतो. हर्टिग आणि वोल्बाक यांनी १९२४ साली क्युलेक्स डासात त्याची नोंद केली. कीटकांच्या सुमारे निम्म्या प्रजातींत तो आढळतो, असे मानले जाते. मात्र एडिस इजिप्ती डासात तो निसर्गतः प्रस्थापित नाही. फळमाशीतील वोल्बाकियाचा 'डब्ल्यू-मेल' हा प्रकार प्रयोगशाळेत एडिस डासाच्या अंड्यात सोडण्यात आला. हे जनुकीय परिवर्तन नव्हे. या जिवाणूचे दोन परिणाम महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, वोल्बाकियाधारी डासाच्या शरीरात डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखली जाते. दुसरा परिणाम प्रजननाशी संबंधित आहे. वोल्बाकियाधारी नराचा साध्या मादीशी संयोग झाल्यास अंडी उबत नाहीत. वोल्बाकियाधारी मादीची अंडी मात्र दोन्ही प्रकारच्या नरांपासून उबतात आणि तिच्या संततीत हा जिवाणू उतरतो. परिणामी काही पिढ्यांत परिसरातील डासांची जागा वोल्बाकियाधारी डास घेतात. ऑस्ट्रेलियातील केर्न्स परिसरात हे घडते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले होते.

ही कल्पना अगदी नवी नाही. १९६७ साली लावेन यांनी तत्कालीन ब्रह्मदेशातील रंगूननजीकच्या ओक्पो या गावात याच प्रजनन-विसंगतीचा वापर करून क्युलेक्स डासांची संख्या नष्टप्राय केल्याचे नोंदविले होते. या विसंगतीचे कारण वोल्बाकिया आहे, हे त्यानंतर, १९७१ साली स्पष्ट झाले. आग्नेय आशियाची भूमी अशा प्रयोगांना पूर्वपरिचित होती. नव्हती ती कठोर तुलनेची चौकट.

३. चाचणीची रचना

योग्याकार्ता शहरातील सुमारे २६ चौरस किलोमीटर क्षेत्राचे २४ विभाग करण्यात आले. त्यांपैकी १२ विभागांत वोल्बाकियाधारी डासांची अंडी ठेवायची आणि उर्वरित १२ विभाग तुलनेसाठी राखायचे, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. डेंग्यू-नियंत्रणाचे नेहमीचे उपाय दोन्हीकडे चालू राहिले. २०१७ मध्ये ठराविक अंतराने पाणी, अन्न व अंडी असलेली भांडी घरांच्या आवारात ठेवण्यात आली. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या काळात शहरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ताप घेऊन आलेल्या ३ ते ४५ वर्षे वयाच्या रुग्णांना, त्यांची अथवा पालकांची संमती घेऊन, अभ्यासात सामील करण्यात आले.

येथे अभ्यासपद्धतीतील एक बारकावा समजून घेणे आवश्यक आहे. संशोधकांनी शहरातील प्रत्येक नागरिकाची तपासणी केली नाही. तापाच्या रुग्णांची प्रयोगशाळेत तपासणी करून डेंग्यू सिद्ध झालेले आणि डेंग्यू नसलेले असे दोन गट केले आणि ते कोणत्या विभागांत राहतात याची तुलना केली. या रचनेचे बलस्थान असे की, आरोग्य केंद्रात जाण्याच्या सवयीतील फरकाचा परिणाम तिच्यात मोठ्या प्रमाणात टळतो. रुग्ण ताप आल्यामुळे येतो; तो ताप डेंग्यूचा आहे की अन्य कशाचा, हे त्याला त्या वेळी ठाऊक नसते. एखाद्या विभागातील लोक दवाखान्यात कमी जात असतील, तर तेथून डेंग्यूचे आणि अन्य तापाचे असे दोन्ही प्रकारचे रुग्ण साधारण त्याच प्रमाणात कमी येतील.

या चाचणीत छद्म-उपचार नव्हता. कोणत्या विभागात वोल्बाकियाधारी डास सोडले आहेत, हे रहिवाशांना ठाऊक असणे अटळ होते. अशा स्थितीत वर उल्लेखिलेली रचना आणि प्रयोगशाळेतील निदान हेच निष्कर्षाच्या विश्वासार्हतेचे आधार ठरतात. तेथे ही चाचणी भक्कम आहे, असे म्हणावे लागेल.

४. आकड्याचे वाचन

हस्तक्षेपाच्या विभागांतील २९०५ रुग्णांपैकी ६७ जणांना डेंग्यू असल्याचे सिद्ध झाले, म्हणजे २.३ टक्के. तुलनेच्या विभागांतील ३४०१ रुग्णांपैकी ३१८ जणांना डेंग्यू होता, म्हणजे ९.४ टक्के. या टक्केवारीचा अर्थ लावताना वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. शहरातील ९.४ टक्के लोकसंख्येला डेंग्यू झाला, असा तिचा अर्थ होत नाही. अभ्यासात सामील झालेल्या आणि विश्लेषणात घेतलेल्या तापाच्या रुग्णांतील हे प्रमाण आहे.

७७ टक्क्यांची निष्पत्ती साध्या गणिताने तपासता येते. हस्तक्षेपाच्या विभागांत डेंग्यूचे ६७ आणि डेंग्यू नसलेले २८३८ रुग्ण होते. त्यांचे गुणोत्तर सुमारे ०.०२४ येते. तुलनेच्या विभागांत ही संख्या अनुक्रमे ३१८ आणि ३०८३ होती. तेथील गुणोत्तर सुमारे ०.१०३ येते. पहिल्या गुणोत्तराला दुसऱ्याने भागल्यास ०.२३ हे उत्तर मिळते. एकातून ते वजा केले की संरक्षणाचे प्रमाण ७७ टक्के ठरते. निबंधात हे प्रमाण ७७.१ टक्के असून त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा ६५.३ ते ८४.९ अशी दिली आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या डेंग्यू-रुग्णांची संख्या हस्तक्षेपाच्या विभागांत १३, तर तुलनेच्या विभागांत १०२ होती. त्यावरून येणारे संरक्षणाचे प्रमाण ८६.२ टक्के आहे. डेंग्यूच्या चारही उपप्रकारांबाबत परिणाम सारखाच दिसून आला.

विश्वास-मर्यादेचा उल्लेख वृत्तपत्रीय लेखनात सहसा गळतो. ती मर्यादा रुंद असण्याचे कारण रचनेतच आहे. रुग्णांची संख्या सहा हजारांहून अधिक असली, तरी यादृच्छिक वाटप रुग्णांचे झालेले नाही. ते २४ विभागांचे झाले आहे. एका विभागातील रहिवासी पाणी, वस्तीची दाटी आणि डास या सर्वांत परस्परांशी बांधलेले असतात. त्यामुळे सहा हजार रुग्ण म्हणजे सहा हजार स्वतंत्र साक्षी नव्हेत. संशोधकांनी ही बाब विश्लेषणात ध्यानात घेतली आहे. ती ध्यानात न घेता केवळ ७७ हा आकडा उद्धृत करणे हा वाचकांचा दोष होय.

दुसरा मुद्दा सरमिसळीचा आहे. विभागांच्या सीमा नकाशावर असतात. डास त्या पाळत नाहीत आणि माणसेही पाळत नाहीत. तुलनेच्या विभागात राहणारा विद्यार्थी हस्तक्षेपाच्या विभागातील शाळेत जातो; उलटही घडते. वोल्बाकियाधारी डासही शेजारच्या विभागांत शिरतात. अशा सरमिसळीमुळे दोन गटांतील फरक सामान्यतः कमी भासतो. त्यामुळे संपूर्ण शहर व्यापल्यास परिणाम याहून मोठा असेल, असा तर्क करता येतो. हा तर्क सयुक्तिक आहे; परंतु तो तर्क आहे, चाचणीने सिद्ध केलेला निष्कर्ष नव्हे. या दोहोंतील भेद राखणे हे समीक्षेचे प्राथमिक कर्तव्य आहे.

तिसरा मुद्दा काळाचा. रुग्णांची नोंद सव्वादोन वर्षे चालली आणि कोविड-१९ च्या प्रारंभी थांबली. डेंग्यूच्या साथींचे चढउतार याहून दीर्घ कालखंडात होत असतात. जिवाणू डासांच्या पिढ्यांत टिकून राहतो काय आणि विषाणू त्याच्याशी जुळवून घेतो काय, या प्रश्नांची उत्तरे या एका निबंधाकडून अपेक्षिता येणार नाहीत.

५. संमतीचा प्रश्न

या संशोधनाचे सर्वांत विचारप्रवर्तक अंग आकड्यांच्या तक्त्यात सापडत नाही. औषधाच्या चाचणीत संमती देणारी व्यक्ती आणि परिणाम भोगणारी व्यक्ती एकच असते. सोडलेल्या डासाच्या बाबतीत तसे नसते. तो संमती देणाऱ्याच्या आणि न देणाऱ्याच्या घरात सारख्याच सहजतेने शिरतो. सिंगापूरमधील कार्यक्रमात केवळ नर डास सोडले जातात आणि नर चावत नाहीत. योग्याकार्तात डासांची जागा डासांनी घ्यायची असल्याने माद्याही आवश्यक होत्या, आणि माद्या चावतात. आपल्या अंगणात डासांच्या अंड्यांचे भांडे ठेवून घ्या, असे ज्या लोकांना सांगायचे होते, त्यांना वर्षानुवर्षे डासाची अळी दिसताच पाणी ओतून द्या, असे शिकविण्यात आले होते. हा बदल केवळ भित्तिपत्रकांनी घडत नाही.

तो घडविण्यास काळ लागला. शहरातील चाचणीपूर्वी, २०१४ पासून, लगतच्या स्लेमान व बांतुल जिल्ह्यांतील लहान वस्त्यांत हे डास सोडून पाहण्यात आले होते. डासांची पैदास करताना स्थानिक डासांशी त्यांचा संकर करण्यात आला, म्हणजे सोडलेला डासही एका अर्थाने योग्याकार्ताचाच होता. संभाव्य धोक्यांची छाननी इंडोनेशियातील तज्ज्ञांच्या स्वतंत्र गटाने केली आणि धोका नगण्य असल्याचा निर्वाळा दिला. भांडी सांभाळणाऱ्या कुटुंबांना तेथे डासांचे 'पालक' म्हटले जाऊ लागले. हा शब्द विनोदी वाटला, तरी त्यात संशोधनाचे एक सूत्र दडलेले आहे. रहिवासी येथे केवळ अभ्यासाचा विषय राहिला नाही. उपाय त्याच्या हातून अमलात आला. पुढे तुलनेच्या विभागांतही हे डास सोडण्यात आले. ज्यांनी तुलनेसाठी थांबणे पत्करले, त्यांना लाभाबाहेर ठेवले गेले नाही, ही बाब नैतिकदृष्ट्या महत्त्वाची आहे.

तथापि येथे एक गंभीर त्रुटीही नोंदविली पाहिजे. लहान वस्तीत कुटुंबागणिक संमती घेणे शक्य असते. तीन लाखांवर लोकवस्तीच्या क्षेत्रात ते व्यवहार्य राहत नाही आणि संमतीचे स्वरूप सामूहिक होते. सामूहिक संमती म्हणजे नेमके काय? वस्तीच्या प्रमुखाने होकार दिला म्हणजे भाडेकरूने, गृहिणीने, परगावाहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने होकार दिला असे मानायचे काय? नकार देणाऱ्याचे पुढे काय होते? वैद्यकीय शोधनिबंधाच्या चौकटीत अशा प्रश्नांना अत्यल्प जागा मिळते. विश्वास-मर्यादा दशांश स्थळापर्यंत दिली जाते. विश्वासाची हकीकत मात्र काही वाक्यांत आटोपते. हा दोष एकट्या या निबंधाचा नाही. जैववैद्यकीय लेखनाच्या प्रस्थापित प्रकाराचाच तो दोष आहे.

६. बालीचा धडा

ही त्रुटी सैद्धांतिक नाही, हे लवकरच दिसून आले. योग्याकार्ताच्या निष्कर्षांच्या बळावर इंडोनेशियाच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली सेमारांग, पश्चिम जकार्ता, बांडुंग, कुपांग आणि बोन्तांग या पाच शहरांसाठी पथदर्शी कार्यक्रम निश्चित केला. याखेरीज बाली बेटावर देनपासार व बुलेलेंग येथेही डास सोडण्याची योजना होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थानिक विरोधामुळे बालीतील कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. सुरक्षिततेविषयी शंका व्यक्त झाल्या, परकीय हेतूंविषयी संशय घेतला गेला, समाजमाध्यमांतून अफवाही पसरल्या.

या घटनेची वासलात 'लोकांचे अज्ञान' या दोन शब्दांत लावणे सोपे आहे. परंतु देश तोच होता, डासाची जात तीच होती, जिवाणू तोच होता आणि आता तर पुरावाही हाती होता. योग्याकार्तात पुरावा नसताना लोकांनी दार उघडले. बालीत पुरावा असताना ते उघडले नाही. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, पुरावा आणि विश्वास या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली गोष्ट एकदा सिद्ध झाली की निबंधाच्या रूपाने कोठेही नेता येते. दुसरी प्रत्येक गावात नव्याने मिळवावी लागते. ज्या देशाने २००७ साली परकीय संशोधनाविषयीचा आक्षेप राष्ट्रीय धोरण म्हणून मांडला, त्या देशातील नागरिकांच्या मनात तो संशय शिल्लक असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

७. भारतीय संदर्भ

या चिकित्सेचा भारताशी असलेला संबंध ओढूनताणून आणलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने 'डब्ल्यू-मेल' आणि 'डब्ल्यू-अल्ब-बी' या प्रकारांचा वोल्बाकिया धारण करणाऱ्या एडिस डासांची पैदास केल्याचे २०२२ साली जाहीर झाले. म्हणजे तंत्राची पूर्वतयारी देशात झालेली आहे.

येथे स्थळाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. अळी वाढत असलेल्या पाण्याचे तापमान फार वाढल्यास 'डब्ल्यू-मेल' हा प्रकार डासाच्या शरीरात क्षीण होतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. 'डब्ल्यू-अल्ब-बी' तुलनेने अधिक उष्णता सहन करतो. योग्याकार्ताच्या हवामानात मिळालेला आकडा विदर्भातील मे महिन्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे सांगण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

हवामानाइतकाच इतिहासही विचारात घ्यावा लागेल. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने दिल्ली येथे डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे संशोधन १९७० च्या सुमारास सुरू झाले होते. त्यामागे परकीय लष्करी हेतू असल्याचे आरोप वृत्तपत्रांतून व संसदेत झाले, सोनिपत येथील नियोजित प्रयोग रद्द झाला आणि १९७५ साली प्रकल्पच गुंडाळला गेला. आरोपांतील तथ्याचा निवाडा हा स्वतंत्र विषय आहे. परंतु डास सोडण्याचा प्रयोग प्रयोगशाळेत यशस्वी होऊनही वेशीवर अडू शकतो, हे भारताने बालीच्या जवळपास पन्नास वर्षे आधी अनुभवले आहे.

८. समारोप

योग्याकार्तातील संशोधन हे आग्नेय आशियातील अलीकडच्या आरोग्यविषयक संशोधनातील महत्त्वाचे कार्य आहे, यात शंका नाही. सार्वजनिक जागेत करावयाच्या हस्तक्षेपाची तुलना यादृच्छिक वाटपाच्या कसोटीवर करता येते, हे त्याने दाखवून दिले. कीटकनियंत्रणाच्या क्षेत्रात अनेक उपाय अशा कसोटीवाचून वर्षानुवर्षे चालू राहतात, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्याचे मोल अधिकच जाणवते.

तरीही त्याचे सार ७७ या आकड्यात सामावलेले नाही. तो आकडा २४ विभागांचा, सव्वादोन वर्षांचा, विशिष्ट हवामानाचा आणि अंगणात भांडे ठेवू देणाऱ्या कुटुंबांचा मिळून झालेला आहे. यांतील शेवटचा घटक वगळून पहिले तीन उचलण्याचा मोह धोरणकर्त्यांना होतो, कारण तो घटक तक्त्यात मांडता येत नाही. तो मांडण्याची भाषा घडविणे हे काम वैद्यकशास्त्र एकट्याने करू शकणार नाही. समाजशास्त्र, इतिहास, विधी आणि भाषा या विषयांच्या अभ्यासकांना येथे निश्चित कार्य आहे. संमती कोणी दिली, कोणी नाकारली आणि नकाराचे काय झाले, याची नोंद रुग्णसंख्येच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे ठेवली गेली, तर पुढील शहराला योग्याकार्ताकडून आकड्याबरोबर अनुभवही घेता येईल. डेंग्यूच्या पुढील हंगामात कोणाच्या तरी घरी ताप येणारच आहे. हातातील उपाय त्या दारापर्यंत पोहोचेल की नाही, हे निम्मे या नोंदीवर अवलंबून राहील.